मुंबई ते सिंगापूर: अंतर किती, वेळ किती, आणि हा हिशेब स्वतः कसा मांडायचा

लेकीच्या बाळंतपणासाठी सिंगापूरला निघालेल्या आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती तासांचं विमान आहे गं?" लेक सांगते साडेपाच तास. तिकिटावर बघावे तर रात्री साडेअकराला निघून सकाळी साडेसातला पोहोच, म्हणजे आठ तास. विमानातल्या पडद्यावर पावणेपाच तास. आणि पुण्यातल्या घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारातली चप्पल काढेपर्यंत मोजले, तर चौदा तासांच्या वर. यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे, आणि कोणता कशाचा हे कळले की निम्मी धावपळ कमी होते. खाली मुंबई–सिंगापूर हेच उदाहरण घेऊन सगळा हिशेब करून दाखवतो. हीच रीत आशियातल्या कोणत्याही दोन शहरांना लावता येते.

आधी दोन टोके पक्की करा

इंटरनेटवर दोन शहरांमधले अंतर शोधले की बहुतेक ठिकाणी शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचे अंतर मिळते. विमान मात्र विमानतळावरून विमानतळावर जाते. आपली टोके म्हणजे सहारचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ (कोड बीओएम) आणि सिंगापूरचा चांगी (कोड एसआयएन). सहारहून परदेशी जाणारी विमाने टर्मिनल २ वरून सुटतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले, तेव्हा यापुढे तिकिटावर नुसते 'मुंबई' वाचून थांबू नका, तीन अक्षरी कोडही बघा. नवी मुंबईहून निघाल्यास हवेतले वीसेक किलोमीटर वाचतात, म्हणजे दोन मिनिटेही नाहीत. पण पुण्याहून येणाऱ्याचा रस्त्यावरचा वेळ मात्र चांगलाच बदलतो.

अंतर: शाळेतली त्रिकोणमिती इथे कामाला येते

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणली की अंतरे बिघडतात. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरा, दुसरे सिंगापूरवर, आणि दोरा ताणा. तो ज्या रेषेवर बसेल तोच सर्वांत जवळचा मार्ग. त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात.

आकडा हवा असेल तर मोबाईलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. तो अंशांवर म्हणजे डिग्रीवर लावलेला आहे ना, एवढे आधी बघून घ्या. रेडियनवर राहिला तर उत्तर भलतेच येते, आणि ही चूक सर्रास होते.

सहार विमानतळ: अक्षांश १९.१ उत्तर, रेखांश ७२.९ पूर्व.
चांगी विमानतळ: अक्षांश १.४ उत्तर, रेखांश १०४.० पूर्व.
रेखांशांतला फरक: ३१.१ अंश.

आता तीन पायऱ्या.

पहिली: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार. ०.३२७२ × ०.०२४४ = ०.००८०.

दुसरी: दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार. ०.९४४९ × ०.९९९७ × ०.८५६३ = ०.८०८९.

तिसरी: दोहोंची बेरीज ०.८१६९. याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचे cos⁻¹ हे बटण) घेतला की ३५.२ अंश मिळतात.

हा झाला पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. म्हणून ३५.२ × ६० = २,११२ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून अंतर साधारण ३,९१० किलोमीटर. वेगवेगळी संकेतस्थळे ३,९०० ते ३,९२० यांच्या दरम्यान काहीही दाखवतील. तो फरक कोणी कुठला बिंदू धरला आणि पृथ्वी किती गोल मानली यातून येतो. त्याची काळजी नको.

मैलांच्या बाबतीत मात्र सावध राहा. वैमानिक सागरी मैल वापरतात, तर ज्या विमान कंपन्या उडालेल्या अंतरावरून बक्षीस-मैल देतात, त्यांचा हिशेब साध्या मैलांवर, म्हणजे १.६०९ किलोमीटरच्या मैलावर असतो. आपले हेच अंतर तिथे सुमारे २,४३० मैल होते. कुठे २,११२ आणि कुठे २,४३० दिसले तर चूक कोणाचीच नाही, मैल दोन जातींचे आहेत.

ही रेषा कुठून जाते

मला हा भाग सर्वांत आवडतो. मुंबईहून सिंगापूरकडे ताणलेला दोरा आधी पुण्याच्या डोक्यावरून जातो, मग जवळजवळ नेमका सोलापुरावरून. तिथून तेलंगण-आंध्रच्या सीमाभागातून आंध्र किनाऱ्यावरच्या ओंगोलपाशी तो जमीन सोडतो. पुढे बंगालचा उपसागर, मग निकोबार बेटांचा मधला पुंजका, त्यानंतर सुमात्राचे उत्तर टोक उजव्या हाताला ठेवून मलाक्काची सामुद्रधुनी, आणि शेवटी मलाक्का शहराच्या जवळपास मलेशियाची भूमी ओलांडून चांगी. म्हणजे सोलापूरचा माणूस सिंगापूरला जाताना आधी चारशे किलोमीटर उलटा मुंबईला येतो आणि मग विमानातून पुन्हा आपल्या गावाच्या दिशेने निघतो.

अर्थात ही भूमितीची रेषा झाली. विमाने ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जातात. ते मार्ग बिंदूंना बिंदू जोडून आखलेले असतात, लष्करी हद्दी टाळतात, आणि त्या दिवशीच्या हवामानाप्रमाणे व गर्दीप्रमाणे सरकतात. पडद्यावरच्या नकाशात चेन्नई जवळून गेलेली दिसली तर नवल नाही. त्यात उड्डाणानंतरची वळणे आणि चांगीजवळ उतरण्यासाठी रांगेत घेतलेला वळसा मिळवा. माझा अंदाजाचा नियम असा: आशियातल्या मध्यम पल्ल्याच्या मार्गावर बृहद्‌वृत्ताच्या अंतरात चार टक्के वाढवायचे. आपले ३,९१० तसे ४,०७० किलोमीटर होतात.

हा नियम कुठे मोडतो तेही सांगतो. एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की भूमिती निरुपयोगी होते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली. दिल्ली–ताश्कंद सरळ अंतर जेमतेम सोळाशे किलोमीटरचे, पण वळसा इतका मोठा पडला की इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणेच थांबवावी लागली. आपल्याकडची बरीच मुले वैद्यकीय शिक्षणासाठी मध्य आशियात आहेत, त्यांच्या पालकांना अशा बातमीचा अर्थ लगेच कळला असेल. मुंबई–सिंगापूर मार्गाला त्याची झळ नाही.

अंतरावरून वेळ

सुमारे ३५,००० फुटांवर ध्वनीचा वेग ताशी १,०६५ किलोमीटरच्या आसपास असतो. एअरबस ए३५० किंवा बोइंग ७८७ सारखी दोन वाटांची मोठी विमाने त्याच्या ०.८५ पट वेगाने जातात, म्हणजे ताशी साधारण ९०० किलोमीटर. मधे एकच वाट असलेले ए३२० घराण्यातले विमान ०.७८ च्या आसपास, म्हणजे ताशी ८३० किलोमीटर. या मार्गावर सिंगापूर एअरलाइन्स, एअर इंडिया आणि इंडिगो थेट सेवा देत आल्या आहेत, आणि विमाने दोन्ही जातींची असतात. म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघा. तो तपशील कंपनीच्या संकेतस्थळावर उड्डाण क्रमांकाखाली बारीक अक्षरात असतो.

मोठे विमान: ४,०७० भागिले ९००, म्हणजे साडेचार तास. वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो, त्याची वीस मिनिटे धरा. हवेतला वेळ चार तास पन्नास मिनिटे.

लहान विमान: ४,०७० भागिले ८३०, म्हणजे चार तास चोपन्न मिनिटे. त्यात वीस मिनिटे मिळवली की सव्वापाच तास.

पण तिकिटावर असतो तो हा वेळ नव्हे. तिथे 'ब्लॉक टाइम' असतो. मुंबईच्या गेटवरून विमान मागे सरकल्यापासून सिंगापूरच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान परदेशी विमानांची गर्दी असते, तेव्हा गेट सोडल्यावर वीस-पंचवीस मिनिटे जमिनीवरच जाणे नेहमीचे आहे. मुंबईची वीस आणि चांगीची दहा मिनिटे मिळवली की मोठ्या विमानाला ५ तास २० मिनिटे, लहान विमानाला पावणेसहा. तिकिटावर सव्वापाच ते पावणेसहा असे आकडे दिसतात त्याचे हे कारण. कंपन्या त्यात थोडी मोकळीकही ठेवतात, म्हणून गेट उशिरा सोडूनही विमान पुष्कळदा वेळेवर लागते.

वारा: पावसाळ्यात उलटा हिशेब

"पूर्वेकडे जाताना लवकर, पश्चिमेकडे येताना उशीर" हे आपण नेहमी ऐकतो. दिल्ली–टोकियोसारख्या मार्गावर ते हिवाळ्यात अगदी खरे आहे. उत्तर भारतावरून आणि पुढे चीन-जपानवरून पश्चिमेचा झोतवारा, म्हणजे फार उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो, आणि त्यामुळे जाताना पावणेआठ तास लागत असतील तर येताना नऊच्या वर जातात.

मुंबई–सिंगापूर मात्र त्या झोताच्या बरेच दक्षिणेला आहे. आणि पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, दक्षिण भारतावर फार उंचावरून वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. याला उष्णकटिबंधीय पूर्व झोतवारा म्हणतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. आपल्या मोसमी पावसाच्या यंत्रणेचाच हा भाग आहे. खाली अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन येत असतो आणि डोक्यावर, विमानांच्या उंचीपासून आणखी वरपर्यंत, उलट्या दिशेचा वारा चाललेला असतो.

सरासरी ताशी चाळीस किलोमीटरचा वारा समोरून आला तर ४,०७० किलोमीटरला तेरा मिनिटे जास्त लागतात. तोच पाठीशी आला तर अकरा मिनिटे वाचतात. म्हणजे जुलैत सिंगापूरला जाणारे विमान परतीच्या विमानापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे जास्त घेऊ शकते. याच दिवसांत उपसागरावरचे गडगडाटी ढग टाळायला वळसेही पडतात. पावसाळ्यात पुढचे विमान पकडायचे असेल तर अर्धा तास जादा धरा, हिवाळ्यात तेवढी गरज नाही.

घड्याळ

सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. जाताना अडीच मिळवायचे, येताना वजा करायचे. चुका इथेच सर्वांत जास्त होतात, म्हणून एक साधी शिस्त पाळा: सगळा प्रवास आधी भारतीय वेळेत मांडा आणि शेवटी एकदाच अडीच तासांचा फरक करा.

जाताना: रात्री ११.३० ला निघाले, साडेपाच तास मिळवले, भारतात पहाटेचे ५.००. आता अडीच तास मिळवा, सिंगापुरात सकाळी ७.३०.

येताना: सिंगापुरात संध्याकाळी ७.०० म्हणजे भारतात ४.३०. साडेपाच तास मिळवले की मुंबईत रात्री १०.००. तिकिटावर ७ ते १० असे तीनच तास दिसतात आणि लोकांना वाटते येताना विमान भरधाव येते.

हा अडीच तासांचा फरक सूर्याने ठरवलेला नाही. रेखांशांतला फरक ३१ अंश, एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्याचा फरक दोन तास चार मिनिटांचाच आहे. १ जानेवारी १९८२ ला मलेशियाबरोबर सिंगापूरनेही घड्याळ अर्धा तास पुढे केले, तेव्हापासून फरक अडीच तासांचा झाला. म्हणून तिथे बारा महिने सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातला मावळतो. सकाळी साडेसातला विमान गेटला लागेल तेव्हा उजेड अजून कोवळा असेल.

तारखेचा घोळ याहून महाग पडतो. तिकिटावर '१२ तारीख, ००.३०' लिहिले असेल तर घरातून ११ तारखेला संध्याकाळी निघायचे. आमच्या नात्यातल्या एक काकू १२ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर पोहोचल्या होत्या. विमान आदल्या रात्रीच गेले होते. नवे तिकीट काढावे लागले आणि लेकीचे डोहाळजेवण एक दिवस पुढे गेले. तेव्हापासून मी मध्यरात्रीनंतरचे विमान असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात 'आज रात्री निघायचे' असे लिहून ठेवतो. पोहोचण्याच्या वेळेपुढे '+१' असेल तर पोहोच दुसऱ्या दिवशीची, हेही सिंगापूरच्या माणसांना स्पष्ट सांगा.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गोळीची वेळ तिथल्या घड्याळाने धरायची की इथल्या, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. गोळ्या हातातल्या बॅगेतच.

मधे थांबायचे का

थेट विमान महाग वाटले की लोक थांब्याचे तिकीट बघतात. अंतरे मांडून पाहू. चेन्नईमार्गे: १,०३० अधिक २,९३०, म्हणजे ३,९६० किलोमीटर. थेट अंतरापेक्षा जेमतेम एक टक्का जास्त. क्वालालंपूर तर जवळजवळ वाटेवरच आहे. कोलंबोमार्गे साधारण ४,२७०, बँकॉकमार्गे ४,४४०. म्हणजे अंतर फार वाढत नाही. वेळ खातो तो थांबाच. पुन्हा उतरणे, पुन्हा चढणे, पुन्हा जमिनीवरची रांग, आणि मधले दोन ते सहा तास. साडेपाच तासांचा प्रवास सहज नऊ-दहा तासांचा होतो.

माझे मत स्पष्ट आहे: साठीपुढच्या माणसाला, पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याला आणि लहान मूल बरोबर असलेल्याला थेट विमानच घ्यावे. पैसे वाचवायचे असतील तर तारीख बदला, थांबा घेऊ नका. थांबा घ्यायचाच असेल तर दोन्ही विमाने एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरखाली असावीत. वेगवेगळी तिकिटे असली तर पहिले विमान उशिरा आल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणाची नसते. बॅगा काढून पुन्हा द्याव्या लागतात, आणि परदेशी शहरात बॅगा काढायच्या म्हणजे त्या देशात प्रवेशाची परवानगीही लागू शकते. शिवाय देशांतर्गत तिकिटावर सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो असते, आंतरराष्ट्रीय तिकिटावर जास्त. मेतकूट, डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा भरलेल्या बॅगेचे जादा पैसे चेन्नईपर्यंतच्या तुकड्यावरच भरावे लागतात.

दारापासून दारापर्यंत

आता सगळे एकत्र मांडू. घर कोथरूडला, विमान रात्री ११.३० चे सहारहून, लेक जुरोंगला. सगळी वेळ भारतीय.

दुपारी ४.३०: घर सोडले. पुणे ते सहार दीडशे किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर तीन तास, पण शुक्रवारी संध्याकाळी आणि पावसाळ्यात घाटात चार तास धरा.
रात्री ८.३०: टर्मिनल २. विमानाआधी तीन तास.
रात्री ११.३०: विमानाने गेट सोडले.
पहाटे ५.००: चांगीचे गेट.
पहाटे ५.४५: इमिग्रेशन आणि बॅगा.
सकाळी ६.४५: जुरोंग. शहर छोटे असले तरी चांगी त्याच्या पूर्व टोकाला आहे आणि जुरोंग पश्चिमेला.

एकूण सव्वाचौदा तास. त्यातले हवेत जेमतेम पाच. लेकीच्या घड्याळात तेव्हा सव्वानऊ वाजलेले असतील. आणि विमानात झोप किती मिळेल? चढल्यानंतरचे जेवण आणि उतरण्याआधीची जाग वजा केली तर तीन तास. म्हणून वडीलधाऱ्यांसाठी दिवसाचे विमान मिळत असेल तर आधी तेच बघा, थोडे महाग पडले तरी.

परतीचा हिशेब वेगळा करा. रात्री दहाला मुंबईत उतरून लगेच पुण्याला निघाल्यास घरी पोहोचेपर्यंत दोन-अडीच वाजतात, पण महिनाभर सिंगापुरात राहिलेल्या शरीराच्या लेखी ते पहाटेचे पाच असतात. अशा वेळी मुंबईतल्या नातेवाइकांकडे रात्र काढून सकाळी निघणे बरे. निदान गाडी चालवणारा तरी त्याच विमानातून उतरलेला नसावा.

निघण्याआधी दोन गोष्टी कागदोपत्री पूर्ण हव्यात. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला आधी व्हिसा लागतो, आणि पोहोचण्याचा दिवस धरून शेवटच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते, पैसे मागणारे पान उघडले असेल तर ते बंद करा. आणि लेकीला संदेश पाठवताना नुसते 'साडेसातला पोहोचते' लिहू नका. उड्डाण क्रमांक, टर्मिनल आणि 'सिंगापूरच्या वेळेनुसार सव्वाआठला बाहेर येईन' असे लिहा, म्हणजे तान्ह्या बाळाला घरी ठेवून जावईबापू पाऊण तास आधी येऊन उभे राहणार नाहीत.